पत्त्याची शेवटची ओळ

बोरगाव सातारा तालुक्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातही आहे. पत्र कुठल्या बोरगावला जायचे, हे शेवटी लिहिलेल्या तालुका-जिल्ह्यावरून कळते. संकेतस्थळाच्या पत्त्यातही शेवटच्या शब्दाने अशीच ओळख सांगावी, अशी मूळ कल्पना होती.

१९८०च्या दशकात 'डॉट कॉम' व्यापारासाठी, तर 'डॉट ऑर्ग' इतर संस्थांसाठी ठरले. पण नाव घेणारा कोण, हे तपासायचे बंधन राहिले नाही आणि अर्थ पुसट झाला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेशी जोडला जाणारा 'डॉट एआय' मुळात अँग्विला या कॅरिबियन बेटाचा आहे! मग शेवटच्या शब्दाला अर्थ हवाच कशाला?

याचे उत्तर सांगली-साताऱ्याच्या बाजारपेठेत मिळते. इथे पतसंस्थांच्या पाट्या जागोजागी दिसतात. पण पतसंस्थेला स्वतःला 'बँक' म्हणवता येत नाही. तो शब्द कायद्याने राखीव आहे, म्हणूनच पाटीवर त्याला वजन आहे. इंटरनेटवर मात्र बँकेच्या नावाशी मिळतेजुळते 'डॉट कॉम' भामटाही घेऊ शकतो.

यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर येण्यास सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात आल्या. हे नाव फक्त बँकांनाच मिळते. नोंदणी हैदराबादची 'आयडीआरबीटी' ही संस्था करते. 'डॉट गव्ह डॉट इन' असेच सरकारी कार्यालयांसाठी राखीव आहे. २०१४ मध्ये आलेल्या 'डॉट भारत'मुळे पत्ता देवनागरीत लिहिता येतो; पण मालक कोण, हे त्यावरून कळत नाही.

पत्ता वाचताना 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा. पुढची तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. 'बँक डॉट इन'च्या पुढे आणखी 'डॉट' देऊन दुसरे नाव जोडलेले असेल, तर तो पत्ता बँकेचा नव्हे. 'डॉट'च्या जागी आडवी रेघ असेल, तरीही सावध व्हा.

अर्थात, खरा पत्ता म्हणजे ठेवीची हमी नव्हे आणि फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो अडवत नाही. शेवटच्या शब्दाला अर्थ जरूर असावा. पण दारावर तपासणारा असेल, तरच तो टिकतो.