मोटारसायकल शिकायला निघण्यापूर्वी

चाळिशी उलटलेल्यांना शिकाऊ लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. तो मागायला येणाऱ्या बहुतेकांना नुसती सही हवी असते. मी आधी डोळे तपासतो. तरुणांनी आपल्या प्रकृतीबद्दल स्वतःच लिहून द्यायचे असते, आणि ते न वाचताच ‘होय’ लिहितात! त्यात विचारलेले असते, की चांगल्या उजेडात 25 मीटरवरची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? अंतर मोजून, एकेक डोळा झाकून हे घरासमोरच करून पाहावे. अडखळलात तर आधी नंबर काढून घ्या आणि चष्मा लावूनच शिका. चष्म्याची लाज कसली?

हेल्मेट पहिल्या धड्यापासूनच हवे. आयएसआय मार्क पाहून, डोक्याला घट्ट बसणारे घ्यावे. दुकानात जाताना चष्मा न्यावा. पट्टा हनुवटीखाली बांधलाच पाहिजे. तो मोकळा राहिला तर पडताना हेल्मेट एकीकडे आणि डोके दुसरीकडे, असे होते. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. पायांत चपला नकोत, बूट घालावेत. ओढणी किंवा पदर नीट खोचावा, नाहीतर चाकात जातो.

सर्दीसाठी सेट्रिझिन घेतली असेल तर गुंगी येऊ शकते. त्या दिवशी शिकवणाऱ्याला सांगून सुट्टी घ्यावी.