मिसरूड उशिरा फुटलं म्हणून पोरगं मागं पडत नाही. पण चौदा वर्षांची रेघ लक्षात ठेवा

माधवनगर : जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या वर्गात दरवर्षी एक गोष्ट दिसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-पाच पोरं एकदम वाढलेली असतात. आवाज घोगरा झालेला, ओठावर मिसरूड, गेल्या वर्षीचे बूट पायात जात नाहीत. आणि त्यांच्याच बाकावर एकजण असा असतो, ज्याच्यात काहीच बदललेलं नसतं. प्रार्थनेला उंचीनुसार रांग लावली की तो सगळ्यात पुढं. कबड्डीचा संघ निवडताना सगळ्यात शेवटी. नावानं हाक कमी, 'बारक्या' म्हणूनच जास्त.

हा मुलगा घरी काही बोलत नाही. पोहायला जायचं टाळतो, पोरांसमोर शर्ट काढत नाही, आरशासमोर मात्र बराच वेळ उभा राहतो. आईला वाटतं नीट जेवत नाही म्हणून असा राहिला. वडील म्हणतात होईल हळूहळू. त्याच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो, 'माझ्यात काही कमी तर नाही ना?' याच प्रश्नाचं सरळ उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्याकडं उंचीचा प्रश्न मोठा का?

सांगली-सातारा भागात उंची हा नुसता दिसण्याचा विषय नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. इथल्या कितीतरी घरांत दहावी-बारावीनंतरचा रस्ता म्हणजे भरती. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटिमीटर लागते. सैन्यात अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी महाराष्ट्रातल्या उमेदवाराला साधारणपणे १६८ सेंटिमीटर लागतात. मग चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं १५० वरच अडकलेलं दिसलं की घरात हिशोब सुरू होतो. तिथूनच पावडरी, गोळ्या, बारला लटकणं आणि नको ते सल्ले यांची रांग लागते.

वय दोन प्रकारचं असतं

एक वय शाळेच्या दाखल्यावरचं आणि दुसरं शरीराचं. ही दोन्ही वयं बरोबरीनं चालतीलच असं नाही.

तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. आगाप छाटणी घेतलेला प्लॉट आधी माल देतो, उशिरा छाटलेला नंतर देतो. शेजारच्या प्लॉटमध्ये घड दिसायला लागले म्हणून आपल्या वेलींना कोणी रोगट म्हणत नाही. पोरांच्या वाढीतही असंच मागंपुढं होतं.

मुलांमध्ये वयात येण्याची सुरुवात ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान कधीही होऊ शकते. म्हणजे एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांत चार वर्षांचा फरक असला तरी दोघंही निरोगी असू शकतात. सुरुवात मेंदूतून होते. मेंदूकडून पियुषिका ग्रंथीला इशारा जातो, ती ग्रंथी वृषणांना कामाला लावते आणि वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तयार व्हायला लागतं. पुढचे सगळे बदल त्यानंतरचे.

या बदलांचा क्रम कळला की निम्मी भीती जाते. पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं. ती बाहेरून कोणाला दिसत नाही आणि बऱ्याचदा मुलाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. मग जांघेत केस येतात, लिंगाची वाढ होते. त्यानंतर उंची झपाट्यानं वाढते आणि आवाज फुटतो. मिसरूड आणि दाढी यांचा नंबर अगदी शेवटी लागतो. म्हणजे आरशात मिसरूड शोधणारा मुलगा शेवटची खूण आधी शोधत असतो. आत काम कधीच सुरू झालेलं असू शकतं.

मुलींचं गणित वेगळं. त्यांची उंची वयात येण्याच्या सुरुवातीलाच वाढते. मुलांची साधारण दोन वर्षांनी उशिरा. म्हणून सहावी-सातवीत वर्गातल्या मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. यात काळजीचं काही नाही.

मग उंची वाढते कधी?

वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं. वाढीचा जोर असतो त्या वर्षी हाच आकडा मुलांमध्ये ९ ते १० सेंटिमीटरपर्यंत जातो. या सगळ्या काळात मिळून उंचीत २५ ते ३० सेंटिमीटरची भर पडते. हातापायाच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते. ती मऊ आहे तोवर हाड लांब होतं. पट्टी पक्की झाली की उंची थांबते, मग काहीही खाल्लं, कितीही लटकलं तरी वाढत नाही.

इथं एक उलटं गणित आहे आणि ते बहुतेक घरांत चुकतं. पंधराव्या वर्षी बुटका असलेला आणि अजून मिसरूड न फुटलेला मुलगा बघून सगळे चिंतेत पडतात. पण त्याच्या हाडांची वाढ बऱ्याचदा अजून शिल्लक असते. पंधराव्या वर्षी बुटका आहे आणि दाढी-मिशी, घोगरा आवाज सगळं आलेलं आहे, त्या मुलाकडं मात्र वेळ कमी उरलेला असतो. सातवीत सगळ्यात उंच असणारा मुलगा दहावीनंतर मधल्या रांगेत दिसतो आणि 'बारक्या' म्हटला जाणारा अकरावी-बारावीत त्याला गाठतो, याचं कारण हेच.

हाडांचं हे वय मोजता येतं. त्यासाठी डाव्या हाताचा आणि मनगटाचा साधा एक्स-रे काढतात. भारतीय क्रिकेट मंडळही १६ वर्षांखालच्या खेळाडूंचं वय पडताळायला हाडांचीच तपासणी वापरतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं हाडांचं वय साडेबारा-तेरा निघालं, तर डॉक्टर सहसा घाबरवत नाहीत. वाढ अजून बाकी आहे, असा त्याचा अर्थ असतो.

उशीर होतो कशानं?

चौदा वर्षं पूर्ण झाली तरी वयात येण्याची एकही खूण नसेल, तर त्याला वैद्यकीय भाषेत उशीर म्हणतात. अशा मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना कोणताही आजार नसतो. त्यांच्या शरीराचं घड्याळच उशिराचं असतं आणि बऱ्याचदा ते घराण्यात चालत आलेलं असतं. म्हणून डॉक्टर वडिलांना विचारतात, 'तुमची उंची कधी वाढली? दाढी कितव्या वर्षी सुरू केली?' आणि आईला विचारतात, 'तुमची पाळी कधी सुरू झाली?' 'मी पण बारावीत असताना वाढलो,' असं वडिलांनी सांगितलं तर निम्मं निदान तिथंच होतं. खरं तर वडिलांनी ही गोष्ट दवाखान्यात जायच्या आधी घरातच पोराला सांगायला हवी. त्याच्या डोक्यावरचं ओझं त्यानं जेवढं उतरेल, तेवढं कोणत्याही टॉनिकनं उतरणार नाही.

पण प्रत्येक उशीर असा निरुपद्रवी नसतो. पोटाला पुरेसं न मिळणं, रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह, आतड्यांचे जुने आजार, सिकलसेल किंवा थॅलेसिमिया, दम्यासाठी बराच काळ घेतलेली स्टेरॉइडची औषधं, यांमुळंही वाढ मागं पडते. तालमीत जाणाऱ्या पोरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहून भरपूर मेहनत करणं वाढीच्या वयात महागात पडतं. मेहनत जेवढी तेवढं अन्न पोटात जायलाच हवं.

घरात करायचे दोन हिशोब

पहिला हिशोब आई-वडिलांच्या उंचीचा. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून बेरीज करा, त्यात १३ मिळवा आणि २ ने भागा. समजा वडील १६८ आणि आई १५४. बेरीज ३२२, त्यात १३ मिळवले की ३३५, निम्मे १६७.५. मुलाची अंतिम उंची या आकड्याच्या आसपास, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर कमी-जास्त होण्याची शक्यता असते. हा अंदाज आहे, हमी नाही. उशिरा वाढणारी काही मुलं या आकड्यापेक्षा थोडी कमीही राहतात. आई-वडील दोघंही ठेंगणे असतील तर मुलाकडून सहा फुटांची अपेक्षा धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरा हिशोब भिंतीवरचा. पोराला अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं करा. डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीनं खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. सहा महिन्यांनी परत. शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी मोजा, कारण सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा किंचित उंच भरतो. एकदा मोजलेल्या उंचीपेक्षा वर्षात किती वाढ झाली हे जास्त महत्त्वाचं. डॉक्टरकडं जाताना या तारखा आणि आकडे घेऊन जा. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. डॉक्टर तुमचे आकडे अशा तक्त्यावर मांडून बघतात.

थांबू नका, दाखवा

- १४ वर्षं पूर्ण झाली, तरी एकही खूण नाही
- वर्षभरात उंची ४ सेंटिमीटरपेक्षाही कमी वाढली
- वयात येणं सुरू झालं आणि मध्येच थांबलं
- वारंवार डोकेदुखी, उलट्या, नजर कमी होणं
- वास अजिबात येत नाही
- सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं
- कायम थकवा, चेहरा फिका, पोट नेहमी बिघडलेलं
- एक किंवा दोन्ही वृषण जागेवर नसणं; यासाठी चौदाव्या वर्षाची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं

याच्या उलट, नऊ वर्षांच्या आत खुणा दिसायला लागल्या तरी दाखवायचं. ते पोरगं आधी उंच दिसतं आणि नंतर लवकर थांबतं.

दवाखान्यात काय होतं?

पोरं दवाखाना टाळतात ती तपासणीच्या लाजेनं. ही तपासणी मिनिटभराची असते. डॉक्टरांकडं वेगवेगळ्या आकाराच्या १२ मण्यांची एक माळ असते. स्वित्झर्लंडच्या डॉ. प्रेडर यांनी ती तयार केली. वृषणाचा आकार त्या मण्यांशी ताडून बघतात. ४ मिलिलिटरच्या मण्याएवढा आकार असेल तर वयात येणं सुरू झालं असं समजतात. बाकी उंची, वजन, मनगटाचा एक्स-रे आणि गरज वाटल्यास रक्त तपासणी. घड्याळच उशिराचं आहे असं ठरलं तर बहुतेकदा सल्ला एकच, वाट बघा आणि सहा महिन्यांनी या. मुलगा मनानं फारच खचलेला असेल तर तज्ज्ञ डॉक्टर काही महिने कमी मात्रेत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देतात. पण तो निर्णय त्यांचाच.

शासकीय आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. ही योजना २०१३ मध्ये सुरू झाली. त्या दिवशी पोराला शाळेत पाठवा आणि शंका असेल तर वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवा. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याखालची सल्ला केंद्रं महाराष्ट्रात 'मैत्री' या नावानं चालतात. तिथं १० ते १९ वयाच्या मुला-मुलींना खासगीत बोलता येतं. माधवनगर परिसरातल्या लोकांना सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय जवळ आहे, तर सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. केसपेपर काढून बालरोग विभागात दाखवायचं.

पैसे कुठं घालवू नयेत?

उंची वाढवण्याची हमी देणाऱ्या पावडरी, गोळ्या, बुटात घालायच्या पट्ट्या यांना भुलू नका. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या गोष्टींसाठी औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत माणसाची उंचीही आहे. म्हणजे अशी जाहिरात दिसली, तर विकणाऱ्याचं पहिलं पाऊलच कायद्याबाहेर पडलेलं असतं.

जिममध्ये कोणी 'एक कोर्स घे, बॉडी पण होईल आणि उंची पण' म्हणालं तर तिथून निघा. डॉक्टरांशिवाय घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं हाडांच्या पट्ट्या वेळेआधी पक्क्या करतात आणि वृषणांचं स्वतःचं काम बंद पाडू शकतात. म्हणजे जी उंची उद्या मिळणार होती, तीही जाते.

स्वप्नात वीर्य जाणं किंवा हस्तमैथुन यानं वाढ खुंटते, ही भीतीही काढून टाका. त्याचा उंचीशी काही संबंध नाही. वयात येताना छातीला थोडी गाठ किंवा फुगवटा येणंही बऱ्याच मुलांत होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप जातं.

उपयोगी पडतं ते साधं आहे. भाकरी, डाळ-उसळ, अंडी किंवा दूध, शेंगदाणे, हिरवी भाजी. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आणि जंताची गोळी न चुकवणं. मैदानावर खेळणं. आणि रात्री मोबाइल बाजूला ठेवून आठ-नऊ तास झोप, कारण वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त स्रवतं.

शेवटी त्या पोराशी दोन शब्द

पोलीस भरतीचं वयच अठरापासून सुरू होतं आणि खुल्या गटात ते अठ्ठावीसपर्यंत असतं. नववीतल्या रांगेत तू पुढं उभा आहेस म्हणून तुझा निकाल लागलेला नाही. घरात एकाला तरी सांग. वडील, मामा, मोठा भाऊ, नाहीतर आवडते सर. चौदा झाली असतील आणि अजून काहीच खूण नसेल तर लाजू नकोस, सिव्हिलला जाऊन दाखव. चिडवण्यानं मन फारच बसलं असेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

आणि मोठ्यांनी एक करावं. उंचीवरून हाक मारणं आजपासून बंद. पोराला त्याच्या नावानं बोलवा.