शाळेचे ब्रीद

मुलांनो, तुमच्या शाळेचे ब्रीदवाक्य तुम्हांला ठाऊक आहे का? शाळा कशासाठी काढली, हे त्यातून कळते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर हे विद्यापीठाचे शहर आहे. तेथे सरकारी शाळांबरोबर स्वतंत्र खाजगी शाळाही निघाल्या. १९६७ साली पॅट माँटगोमेरी यांनी 'क्लोनलारा' शाळा काढली. काय शिकायचे हे ठरवताना मुलांचेही ऐकावे, हे तिचे तत्त्व. १९८० साली निघालेली रुडॉल्फ स्टायनर शाळा गणित व भाषेबरोबर चित्रकला, संगीत आणि हस्तकला यांनाही महत्त्व देते. या पद्धतीची पहिली शाळा १९१९ साली जर्मनीत एका कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी निघाली होती.

मिशिगनमध्ये १९७० सालच्या घटनादुरुस्तीने खाजगी शाळांचे सरकारी अनुदान बंद केले. त्यामुळे अशा शाळांचा खर्च मुख्यतः फी आणि देणग्या यांवर चालतो. मग गरिबांच्या मुलांनी काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे मिळाले. १९१९ सालीच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. स्वावलंबनाने शिकणे हे तिचे ब्रीद. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, कामे करत आणि एका पंगतीत जेवत. त्यांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिनेही मोडले.

ब्रीद भिंतीवर लिहिणे सोपे असते; ते पाळण्यासाठी झीज सोसावी लागते. तुमच्या शाळेचे ब्रीद पाळण्यासाठी तुम्ही काय कराल?