थेंबांचा हिशोब

गळक्या बादलीतली पाण्याची पातळी कायम ठेवायची तर काय करावे लागेल? जेवढे गळते तेवढेच पाणी वरून सोडत राहावे लागेल. शिरेतून सतत थेंब थेंब औषध देण्यामागे हेच तत्त्व आहे.

लिग्नोकेन आपल्या परिचयाचे आहे. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करायला ते वापरतात. कुत्र्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय बिघडून ते अतिवेगाने धडधडू लागले, तर पशुवैद्य हेच औषध शिरेतून देतात. पण यकृत त्याचा भराभर निचरा करते, आणि एका इंजेक्शनचा परिणाम थोड्याच वेळात ओसरतो. म्हणून पुढे ते सलाईनमधून चालू ठेवतात.

किती? २० किलो वजनाचा कुत्रा घेऊ. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा आहे दर किलोला, दर मिनिटाला ५० मायक्रोग्रॅम. सलाईनची बाटली ५०० मि.लि.ची, वेग तासाला ५० मि.लि.

२० × ५० = मिनिटाला १००० मायक्रोग्रॅम, म्हणजेच १ मि.ग्रॅ.
१ × ६० = तासाला ६० मि.ग्रॅ.
५०० ÷ ५० = बाटली १० तास पुरेल.
६० × १० = बाटलीत ६०० मि.ग्रॅ. औषध हवे.

औषध २ टक्क्यांचे, म्हणजे १ मि.लि.मध्ये २० मि.ग्रॅ. तेव्हा ६०० ÷ २० = ३० मि.लि. आधी तेवढे सलाईन बाटलीतून काढायचे, मग औषध घालायचे. तसे न केल्यास द्रावण ५३० मि.लि. होऊन पातळ होईल.

आता थेंब. बारीक थेंबांच्या नळीतून १ मि.लि.चे ६० थेंब पडतात. तासाची मिनिटेही ६०च. त्यामुळे तासाला ५० मि.लि. म्हणजे मिनिटाला बरोबर ५० थेंब!

हे सारे शाळेतलेच गणित आहे. घात होतो तो एककांत. मिनिटाचा तास करायला विसरलो, तर औषध साठाव्या हिश्श्यानेच पोचेल. मायक्रोग्रॅमला मिलिग्रॅम समजलो, तर हजारपट जाईल. झटके येऊन कुत्रा दगावेल. मांजर तर या औषधाला अधिकच संवेदनशील असते. कुत्र्याची मात्रा तिला लावून चालत नाही.

एकक लिहिले नाही म्हणून आपण अर्धा गुण कापतो, तेव्हा मुलांना तो अन्याय वाटतो. त्यांच्यासमोर हे उदाहरण एककांसह फळ्यावर मांडू या. मग विचारू या : सलाईनचा वेग तोच, पण कुत्रा ३० किलोचा असेल तर? उत्तर ४५ मि.लि. येईल. अर्धा गुण कशासाठी, हेही मग वेगळे सांगावे लागणार नाही.