रस्ता ओलांडायला १४ सेकंद

मागच्या पावसाळ्यात माझी स्कूटर घसरली. घर विद्यानगरला, ऑफिस उप्पलच्या पुढे. त्यामुळे उशीर झाला की मी हैदराबादेतल्या अनेक दुचाकीवाल्यांसारखा उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून निघतो. इकडून शिरायचं, तार्नाक्याला बाहेर पडायचं. त्या दिवशी रिमझिम होती. समोर झेब्रा होता, पट्टे स्वच्छ दिसत होते आणि त्यावर छातीशी फाईल धरलेला एक मुलगा चालत होता. मला वाटलं तो थांबेल, त्याला वाटलं मी थांबेन. शेवटच्या क्षणी मी दोन्ही ब्रेक दाबले आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आडवा झालो. त्याला काही झालं नाही. उलट त्यानेच स्कूटर उचलून दिली आणि विचारलं, "अंकल, लगा तो नै ना?" कोपर सोलवटलं होतं, पण 'अंकल' जास्त लागलं.

चूक पूर्णपणे माझी होती. बी.ई.ची चार वर्षं याच आवारात मी स्वतः अशीच फाईल धरून धावत रस्ता ओलांडला होता, आणि दुचाकीवाल्यांना शिव्याही घातल्या होत्या.

घरी सांगितलं तेव्हा आई रागावली. बाबा गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "मी उगाच नाही तिकडे जायचं सोडलं." गुडघ्याच्या ऑपरेशनआधी ते रोज सकाळी दोन मित्रांबरोबर आर्ट्स कॉलेजपर्यंत फिरायला जात. नंतर जाणं बंद झालं. आम्हाला वाटलं कंटाळा करतात, म्हणून मी त्यांना पावलं मोजणारं घड्याळसुद्धा आणून दिलं होतं.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला रस्ता ओलांडता येत नाही म्हणून सांगू?"

या आवाराशी आपल्या बहुतेक घरांचं काही ना काही नातं आहे. विद्यापीठ १९१८ सालचं, आर्ट्स कॉलेजची ती गुलाबी दगडाची इमारत १९३९ची. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत तिकडची कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती. नांदेड-परभणीकडून शिकायला आलेले आणि इथेच राहिलेले आजोबा आपल्यातल्या कितीतरी घरांत आहेत. त्यांच्या काळात हे रस्ते वसतिगृहापासून वर्गापर्यंत पायी किंवा सायकलवर जाण्यासाठी होते. पुढे शहर चारही बाजूंनी वाढलं, आवार मधोमध सापडलं आणि आतला रस्ता शहराचा जवळचा रस्ता होऊन बसला. आता त्या एकाच डांबरावर दोन प्रकारची माणसं असतात. एकाला इथे पोहोचायचं असतं, दुसऱ्याला इथून निघून जायचं असतं. मी दुसऱ्या प्रकारात कधी गेलो ते माझ्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गच्चीवर १० मीटर अंतर मोजलं. साधारण दोन्ही दिशांच्या रस्त्याची रुंदी म्हणून. बाबा चालले, मी मोबाइलवर वेळ लावली. १४ सेकंद. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं रस्त्याच्या आखणीत सर्रास धरतात. त्या हिशोबाने ८-९ सेकंद पुरायला हवेत. म्हणजे कागदावर रस्ता ओलांडून झालेला असतो तेव्हा बाबा अजून पाच सेकंद रस्त्यातच असतात.

आता पलीकडून येणाऱ्या गाडीकडे बघा. ताशी ५० किलोमीटरने ती सेकंदाला जवळजवळ १४ मीटर येते. १४ सेकंदांत सुमारे २०० मीटर. म्हणजे बाबांना निवांत पलीकडे जायचं तर दोन्ही बाजूंना २०० मीटर रस्ता एकाच वेळी मोकळा हवा. सकाळी नऊला असं कधी होणार? वेग ३०वर आणला तर हेच अंतर १२० मीटरच्या आत येतं. आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहण्यापुरतं एक बेट केलं, तर एका वेळी पाचच मीटर चालायचं, एकाच बाजूला बघायचं, ७ सेकंदांत थांब्यावर. लागणारी मोकळी जागा ६० मीटरच्या आसपास. २०० वरून ६०! बाबांचे गुडघे तेच, चाल तीच.

वेगाची दुसरी बाजू ब्रेकची. धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर ३०ने जाणारी गाडी साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५०ने येणारा १३ मीटर गेला तरी त्याचा ब्रेक अजून लागायलाही सुरुवात झालेली नसते. ओल्या रस्त्यावर काय होतं ते माझ्या कोपराला विचारा.

आमच्या धंद्यात अशा गडबडीला 'यूजरची चूक' म्हणायची फार हौस असते. दहा लोक तेच चुकीचं बटण दाबतात तेव्हा बटणाची जागा चुकलेली असते, हे कबूल करायला वेळ लागतो. रस्त्यावरही आपण पोरांनाच बोलतो, झेब्रा सोडून कुठूनही घुसतात म्हणून. पण ती कुठून घुसतात ते हिरवळीवर उमटलेल्या पायवाटा सांगतात. पायवाट जिथे रस्त्याला येऊन मिळते तिथे झेब्रा हवा. बसथांब्यापासून लांब आखलेल्या झेब्र्यापर्यंत कोणी वळसा घालून जाणार नाही. थांबा झेब्र्याच्या पुढे असला तर उतरलेली मुलं बसच्या मागून ओलांडतात. अलीकडे असला तर बसच्या तोंडासमोरून, आणि बसच्या आडून येणारा दुचाकीवाला त्यांना दिसतच नाही.

पट्टे हवेतच. २०१७च्या वाहन चालनाच्या नियमांप्रमाणे तिथे पादचाऱ्याला आधी जाऊ देणं चालकावर बंधनकारक आहे. पण मला त्या दिवशी पट्ट्यांनी थांबवलं नाही. मला थांबवलं असतं ते उंचावलेल्या झेब्र्याने. म्हणजे झेब्र्याची संपूर्ण जागाच फूटपाथच्या पातळीला आणायची, दोन्हीकडून गाड्यांसाठी हलका चढ-उतार ठेवायचा. मग चालणारा रस्त्यात उतरत नाही, गाडी त्याच्या फूटपाथवर चढून येते आणि चढताना आपोआप हळू होते. व्हीलचेअरला, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पायरीच लागत नाही. फक्त तो आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरसारखा उंटाच्या पाठीचा करू नये, नाहीतर बाबांचे गुडघे वाचतील आणि माझी कंबर जाईल. जोडीला झेब्र्याच्या अलीकडे-पलीकडे गाड्या लावायला बंदी आणि रात्री चालणाऱ्याचा चेहरा उजळेल असा दिवा. यातलं काहीच उड्डाणपुलाच्या खर्चाचं नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाल्यापासून तिथे चालून आलेल्या नातेवाइकांना विचारा, रस्ता बदलला की माणसं कशी चालतात ते.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. त्यातल्या किती जणांना कोणी 'अंकल' म्हणत असेल, किती जण फाईल घेऊन निघाले असतील, हे तक्त्यात नसतं.

आपल्या मंडळातली बरीच मुलं वेगवेगळ्या शहरांत इंजिनिअरिंगला, आर्किटेक्चरला आहेत. त्यांच्या कॉलेजातूनही असा एखादा रस्ता जात असेलच. अर्धा तास एका जागी उभं राहून लोक नेमके कुठून ओलांडतात ते कागदावर टिपलं, सोबत वेगाचा असा हिशोब आणि दोन फोटो जोडले, की प्राचार्यांकडे किंवा नगरपालिकेकडे न्यायला चांगला अर्ज तयार होतो. 'रस्ता धोकादायक आहे' एवढंच लिहिलेला अर्ज फाइलीत जातो. 'या झाडापासून या फाटकापर्यंत इतकी मुलं' असं लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं. मी आणि बाबांनी असा एक तयार केला आहे. अक्षर बाबांचं, कारण माझं कोणाला लागत नाही.

मीही आता झेब्र्याला थांबतो. परवा थांबलो तेव्हा मागच्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. समोर कडेला एक मुलगी उभी होती. ती ओलांडेना. मी थांबलोय यावर तिचा विश्वासच बसेना. तिने मला हाताने 'जा' म्हणून खुणावलं, मी तिला 'या' म्हणून खुणावलं. असं दोन-तीनदा झालं. शेवटी माझ्याकडे बघत बघत ती निघाली, आणि तरीही शेवटची चार पावलं धावलीच.