बातमीची वही

वर्गाबाहेरचा अभ्यास : लेखांक ६

आपल्या शाळांत सकाळच्या परिपाठात बातम्या वाचल्या जातात. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग एखादी मुलगी पेपरातले चार-पाच मथळे घडाघडा वाचून दाखवते. पहिल्या तासाला त्यातला एखादा विचारून पाहा. आठवणारी मुलं फार थोडी निघतात. नुसती ऐकलेली बातमी विरून जाते. तिच्यावर स्वतः चार ओळी खरडल्या की ती डोक्यात राहते. म्हणून या आठवड्यात बातमीच्या वहीविषयी.

ही कात्रणवही नव्हे. कात्रणं चिकटवण्यात डिंक जास्त लागतो, डोकं कमी. साधी शंभर पानी वही घ्यावी. डाव्या पानावर बातमी स्वतःच्या शब्दांत लिहायची : काय घडलं, कुठे, कधी आणि हे मला कुठून कळलं. उजव्या पानावर मला काय वाटतं आणि कोणती गोष्ट अजून समजली नाही. मत डावीकडे घुसलं तर ते खोडून उजवीकडे न्यायचं. एवढी शिस्त पाळली तरी माहिती कुठे संपते आणि मत कुठे सुरू होतं, हे मुलांना उमगू लागतं. ‘कुठून कळलं’समोर वारंवार ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलं’ दिसू लागलं, की खातरजमा कशी करायची ते शिकवायला आयतं निमित्त मिळतं.

मात्र दरवेळी नवी बातमी घेऊ नये. एकच धरून तिचा पाठपुरावा करावा. कांद्याचं उदाहरण घ्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. त्याच्या निषेधात लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली. पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झालं. परिपाठात हे सगळे सुटे मथळे असतात. वहीत मात्र दीड वर्षाहून अधिक काळ चाललेली एकच गोष्ट दिसते.

खरी गंमत उजव्या पानावर. ‘कांदा स्वस्त झाला, बरं झालं,’ असं ठाण्यातली मुलगी लिहील. निफाडमध्ये कांद्याची चाळ असलेल्या घरातला मुलगा हे वाक्य लिहिणार नाही. अशी दोन मतं एका वर्गात निघाली, तर दोन्ही मोठ्याने वाचू द्यावीत आणि निवाडा देऊ नये. सहा महिन्यांनी मत बदललं तर जुनं खोडायचं नाही. खाली तारीख टाकून नवं लिहायचं.

वेळ किती? आठवड्यातून एकदा वीस मिनिटं. शनिवारची सकाळची शाळा त्यासाठी सोयीची. लाल शाईने शुद्धलेखन तपासू नये, गुण देऊ नयेत. समासात फक्त एक प्रश्न लिहावा : ‘शेतकऱ्याच्या हातात किलोमागे किती पडले?’ त्याचं उत्तर पुढच्या शनिवारच्या पानावर यावं. चाळीस वह्या एका दमात वाचणं कुणालाच झेपत नाही. आठवड्याला दहा वाचल्या तरी महिन्यात प्रत्येक वही एकदा हाताखालून जाते. दंगल, अपघात, युद्ध अशा बातम्यांची लहान मुलांवर सक्ती नको. आणि शिक्षकांनी आपला पक्ष वहीपासून लांब ठेवावा, नाहीतर मुलं सरांना आवडेल तेच लिहू लागतात.

येत्या शनिवारी आपल्या गावाशी संबंध असलेली एक बातमी मुलांना निवडू द्या आणि ती निदान दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सोडू नका. शिक्षकांनीही स्वतःची एक वही घालावी. सर लिहिताना दिसले की मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.