लाईटने मान सोलली, तरी हप्ता चुकवू नका



उसाला नत्र आपण एकदम टाकत नाही. लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला उरलेले 40 टक्के, असे चार हप्ते करतो. सगळा डोस एकाच दिवशी दिला तर पिकाला सोसत नाही आणि मधला हप्ता चुकला तर त्याची भरपाई पुढे होत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला जे किरणोपचार देतात, ज्याला आपल्याकडे ‘लाईट घेणे’ किंवा ‘शेक घेणे’ म्हणतात, त्याचेही असेच आहे. आज उसाऐवजी या विषयावर लिहीत आहोत, कारण तंबाखू, मिश्री आणि गुटख्यापायी हा रोग आपल्या गावागावांत शिरला आहे. राज्यात 2012 साली गुटखाबंदी झाली, तरी पुड्या कुठे मिळतात हे आम्ही सांगायला नको.

आमच्या गटातील एक ज्येष्ठ सभासद, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, यांना गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर परळला टाटा हॉस्पिटलात लाईट घ्यायचे ठरले. हे हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले आणि 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तात्यांचा मुक्काम लालबागला गावकीच्या खोलीत होता. 1982 च्या संपाआधी आपल्या गावचे गिरणी कामगार ज्या खोलीत पथाऱ्या टाकून राहायचे, तीच ही खोली. ज्यांची अशी सोय नाही त्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत चौकशी करावी.

असे उपचार साधारण 30 ते 35 हप्त्यांत देतात. आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सहा ते सात आठवडे लागतात. चेहऱ्यावर आणि मानेवर जाळीचा मुखवटा बसवून रोग्याला हलू न देता काही मिनिटे लाईट देतात. त्या वेळी काही दुखत नाही. पहिले दोन आठवडे तात्या फोनवर म्हणायचे, “साहेब, काय नाय ओ, फोटो काढल्यागत वाटतंय.”

पाचव्या आठवड्यात आम्ही त्यांना भेटायला गेलो, तेव्हा मान काळी पडली होती आणि घडीतली कातडी सोलून पाणी सुटले होते. शेजारच्या कुणीतरी चांगल्या भावनेने हळद आणि तूप लावायला सांगितले होते, तेही लावून झाले होते. तात्यांनी पिशवी भरून ठेवलेली. म्हणाले, “बास झालं आता. मान तर भाजलीच, आन् तिकडं तोड आलीया. उद्याच्या गाडीनं जातो.”

त्यांना वाटले, उपचार बिघडले. तसे नव्हते. किरण आतल्या गाठीपर्यंत जाताना कातडीतून जातात. आपली वरची कातडी रोज झिजते आणि खालून नवी येते. किरणांमुळे खालची नवी वाढ थांबते, वरची झीज मात्र चालूच राहते. म्हणून परिणाम पहिल्या दिवशी न दिसता दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. आधी लाली, मग काळेपणा आणि खाज, मग कोंडा सुटणे, आणि काहींना ओली जखम. शेवटच्या लाईटनंतरही आठ-दहा दिवस ती वाढल्यासारखी वाटते. त्यानंतर बहुतेकांची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरून येते. पण उपचार अर्धवट सोडले, तर रोगाच्या उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. कातडी परत येते, गेलेली वेळ येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सिस्टरने शांतपणे जे समजावले ते असे:

कोमट पाणी आणि साधा साबण हळुवार लावून मान धुवावी, चोळू नये. मऊ सुती कापडाने टिपून घ्यावी. हळद, चुना, बाम, पावडर, अत्तर, तुरटी यांपैकी काहीही लावू नये. गरम शेक नको, बर्फही नको. वस्तऱ्याने दाढी करू नये. मलम डॉक्टर देतील तेच आणि सांगतील तेव्हाच लावावे. कॉलरचा सदरा, साखळी, मफलर घालू नये. ताप आला, पू किंवा वास आला, रक्त आले, तर वाट न पाहता दाखवावे.

तात्या माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ काढायला ते तयार होईनात. शेवटी ती मनगटाला बांधली. माळ अंगावर राहिली आणि मानही घासायची थांबली.

राहिला प्रश्न तोडीचा. त्यांना आम्ही तिथेच सांगितले, “तात्या, तोड लागणीच्या नोंदीप्रमाणं येते, तुमच्या मानेकडं बघून येत न्हाई. ऊस तुटंल, काट्यावर जाईल, थोरला हाय तिथं. तुमी हप्ते पुरे करा.” त्यांनी पिशवी मोकळी केली आणि सगळे हप्ते पुरे केले. महिनाभराने मान भरून आली.

घरी आल्यावरही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. लाईट घेतलेली कातडी कायमची नाजूक राहते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. जखम पुरी भरेपर्यंत फडात शिरू नये, मोळी खांद्यावर घेऊ नये, फवारणीचा पंप पाठीवर अडकवू नये. त्यानंतरही उन्हात जाताना टोपी आणि मऊ उपरणे हवेच. काही महिन्यांनी मान आणि जबडा आखडू लागतो, हनुवटीखाली सूज राहू शकते. मानेचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे रोज करावेत. आणि दात काढायची वेळ आली, कितीही वर्षांनी, तरी दाताच्या डॉक्टरला लाईट घेतल्याचे आधी सांगावे. जबड्याचे हाड त्यानंतर लवकर भरत नाही.

तात्यांची मान आजही पूर्ण वळत नाही. ट्रॅक्टरवर बसून मागे बघायचे तर सगळे अंग वळवावे लागते. त्यावर ते म्हणतात, “वळायला अंग तर हाय न्हवं!”

कुणी सभासद किंवा त्यांच्या घरचे माणूस अशा उपचारासाठी मुंबईला जाणार असेल, तर आधी गट ऑफिसला कळवावे. लागणीची नोंद तपासून तोडीची तारीख आम्ही घरच्यांना सांगू. उसापायी लाईटचा एकही हप्ता चुकवू नये. आणि तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांतले काही तीन आठवडे टिकले, तर हंगाम संपायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, ही कळकळीची विनंती.